पान सतरावरचा शिक्का

...नाही पण मी काय म्हणतो, शिक्का मारू नका हे मले कोणी सांगतलं होतं का? सांगतलं होतं का कोणी? पुस्तक पाठवलं, पुस्तकासंगं चिठ्ठी पाठवली, चिठ्ठीत काय, तं ‘पंधरा दिवसांसाठी, काळजीपूर्वक हाताळावे, पाने दुमडू नयेत, बोटाला थुंकी लावून उलटू नयेत’... थुंकीपर्यंत लिहिलं बाईनं! अन् ‘शिक्का मारू नये’ एवढं लिहाले शाई संपली होती का? आता तुम्ही म्हणाल, पुंडलिकराव, हे काय सांगा लागते का, दुसऱ्याच्या पुस्तकावर आपला शिक्का मारत नसते. कळते हो! डोक्याले सगळं कळते. पण शिक्का डोकं मारत नाही ना, शिक्का हात मारते. अन् या हाताले तेव्हाच सव्वीस वर्षं झालती, बाप्पा. दारातून आत आलं की शिक्का!

तुम्हाले माहीत आहे, दिग्रसच्या वाचनालयात ग्रंथपाल मीच, कारकून मीच, झाडूवाला मीच, अन् पंखा अडकला तं त्याले काडीनं ढकलणाराही मीच. पुस्तक आलं की पहिलं काम काय? पहिल्या पानावर ठप्, शेवटच्या पानावर ठप्, अन् मधात एका गुप्त पानावर ठप्. आता गुप्त पान काय असते ते तुम्हाले सांगतो, पण बाहेर बोलू नका. चोर काय करते, पहिलं पान फाडते, शेवटचं फाडते, अन् म्हणते पुस्तक माहं. पण त्याले हे कुठं माहीत, की सतराव्या पानावर वाचनालय बसून आहे! हरेक वाचनालयाचं आपलं पान ठरलेलं असते, अन् ते कोणी कोणाले सांगत नाही. बायकोलेही नाही. मी रुक्माबाईले सांगतलं नव्हतं, तिले लाडूच्या डब्याची जागा मले सांगायची नव्हती, असा आमचा संसार सुखाचा चालू होता.

तं सांगाची गोष्ट, सवय. एकदा लाइनमन आला, त्यानं आपली वही टेबलावर ठेवली, पाणी प्याला, गिलास खाली ठेवेपर्यंत वही वाचनालयाची झाली. लग्नाच्या पत्रिका आल्या, ठप्. तिकडे वधूवराले आशीर्वाद कमी अन् आमचा गोल जास्त. शेजारच्या पोट्ट्याचं प्रगतिपुस्तक फक्त दाखवाले आणलतं हो त्यानं, गणितात चाळीस मिळाले म्हणून... जाऊ द्या. दारातून आत आलं की शिक्का!

आता हे झालं दोन हजार सहा साली. त्या सालचं कापसाचं मी तुम्हाले काय सांगू, तुम्ही इथलेच. बाजार समितीसमोर गाड्यायची रांग, अर्ध्या जिनिंगायले कुलूप, अन् रस्त्यानं मोटारीवर मोटारी. कोणी दिल्लीचा, कोणी मुंबईचा, कोणी कॅमेरा घेऊन, कोणी टेप घेऊन. दिग्रसले त्या साली जेवढे पत्रकार आले ना, तेवढे माह्या वाचनालयात वाचक आले नाईत. एक तं थेट माह्याकडेच आला. ‘येथील निराशेबद्दल आपण काय सांगाल?’ म्हणलं साहेब, निराशा म्हणजे काय, सकाळी पेपर उघडला की शब्दकोडं कोणीतरी आधीच भरून गेलं असते, अन् तेही चुकीचं. त्यानं लिहून घेतलं!

अन् अशात एक दिवस दुपारच्याले एक पोट्टी आली. दोन वेण्या, हातात वही, चपलीले काळी माती. अंजू. दारव्हा रोडवरच्या तांड्यातल्या धावजी नाईकाची नात, अकरावीत शिकणारी. म्हणते, “काकाजी, दुसऱ्या वाचनालयातलं पुस्तक मागवता येते का?” मले असा राग आला! म्हणलं, “काहून? आमच्या पुस्तकायनं तुहं काय घोडं मारलं?” तं म्हणते, “तसं नाही काकाजी, किडींचं पाहिजे. कपाशीच्या किडींचं.” आमच्याकडे आठ कपाटं, त्यातली अडीच कपाटं रहस्यकथा. खून झालेले बावन्न, पण कपाशीची अळी एक नाही.

मंग तिनं सांगतलं. यवतमाळच्या एका कॉलेजनं म्हणे योजना काढली. अकरावी-बारावीच्या पोरायनं कॉलेजचा एक पेपर आताच द्यायचा, कीटकशास्त्राचा, त्याच्यासंगं एक प्रकल्प, रविवारी वर्ग. जो पास झाला, त्याची बारावीनंतर त्या कॉलेजात सीट पक्की, होस्टेलसकट. म्हणलं, अन् नाही झाली तं? “मंग बारावीनंतर घरीच,” असं म्हणून पोट्टी माह्याकडे नाही, पंख्याकडे पाहाले लागली. पेपर एकोणतीस नोव्हेंबरले. अन् गंमत अशी पाहा, पेपर कॉलेजचा, पुस्तक कॉलेजच्या ग्रंथालयात, पण पोट्टी शाळेतली म्हणून तिले कार्ड नाही! जेवाले बसवलं, ताट वाढलं, अन् म्हणते हात लावू नको. पण नियमात एक फट होती. वाचनालयानं वाचनालयाले मागतलं तं पुस्तक मिळते. याले म्हणते आंतर-ग्रंथालय देवघेव. सव्वीस वर्षांत मी ही देवघेव फक्त परीक्षेत वाचली होती, अन् त्या प्रश्नाले पर्याय होता म्हणून सोडून देली होती.

केला फोन. तिकडून आवाज आला, “हॅलो, ग्रंथालय बोलतंय.” बाई नाही बोलत, ग्रंथालयच बोलून राह्यलं! त्या अनघा मॅडम, तिथल्या ग्रंथपाल. मी सगळं सांगतलं, पोट्टीचं, पेपरचं, अळ्यायचं. मंग म्हणते, “आपला अर्ज तीन प्रतींत पाठवा. शिक्क्यासह.” ऐकलं ना? शिक्क्यासह! पहिल्यांदा शिक्क्याचं नाव कोणी काढलं? मी काढलं का?

चार दिवसांनी पुसदची गाडी उभी राह्यली अन् कंडक्टर उत्तमसिंग खाली उतरला, काखेत लाल फडक्यात बांधलेलं गाठोडं. “पुंडलिकरावजी, ये तुमची किताब! अरे एक सवारी की जागा खा गयी. ऊपर से दारव्हे में एक बुढ्ढ्यानं खोलून पाहिली, अळीचा फोटो देखा, म्हणते हीच, हीच माह्या वावरात आहे! उतरालेच तयार नाही ना बुढ्ढा, किताब के साथ दिग्रस तक आया, अब वापस का तिकीट किसका?” तो बुढ्ढा खरोखर मागे उभा होता. त्याले चहा पाजला, परतीच्या गाडीत बसवला.

अन् मंग मी आत आलो. टेबलावर गाठोडं ठेवलं, गाठ सोडली. काय पुस्तक होतं, तुम्हाले सांगतो! वीटच. मधात रंगीत चित्रं, हिरवी अळी, शेंदरी अळी, ठिपक्याची अळी, अशा एकीपेक्षा एक नटलेल्या. मी एवढा खूश झालो, एवढा खूश झालो, म्हणलं आपल्या वाचनालयात असं पुस्तक... अन् ठप्. ठप्. ठप्.

तिसऱ्या ठप्पाच्या बाद मले चिठ्ठी दिसली.

काय सांगू! जांभळी शाई, गोल, ठसठशीत, पहिलं पान, सतरावं पान, शेवटचं पान. पहिल्या पानावर रबरानं खोडलं, तं कागद झिजाले लागला. लिंबू लावलं, तं गोल अजून उजळला. मंग सतरावं पान पुन्हा उघडाची हिंमतच झाली नाही. घरी रुक्माबाईले सांगतलं, ती म्हणते, “रॉकेल लावून पाहा.” म्हणलं रॉकेल लावतो अन् माचिसही लावतो, म्हणजे विषयच संपते! अन् ती हसून राह्यली. चूक माही हो, हे मी कबूल करतो. पण तेव्हा मी काय केलं, तं पुस्तक मिटलं, पहिलं अन् शेवटचं पान घडीत जाईल असं खाकी कव्हर घातलं, अन् कोणालेच सांगतलं नाही. अंजूलेही नाही. त्या कव्हराखाली माही सव्वीस वर्षांची नोकरी झाकली होती.

पुस्तक घरी न्यायचं नाही, वाचनालयातच बसून वाचायचं, अशी अट. मंग अंजू रोज चार वाजता यायची, खिडकीजवळ बसायची, इंग्रजीतून मराठीत वहीत उतरवायची, अन् सहाच्या जीपनं तांड्यावर जायची. तिसऱ्या दिवशी तिच्यासंगं धावजी आला. पांढरा फेटा, कानात बाळी. दारात जोडे काढले, आत येऊन म्हणते, “राम राम गुरुजी. हे पुस्तक सगळ्या अळ्यायले वळखते म्हनते आमची छोरी. मंग मले सांगा, हे कोन पाव्हनी होय?” अन् बंडीच्या खिशातून माचिसची डबी काढून माह्या टेबलावर रिकामी केली. जिवंत! हिरवी! वळवळत देवघेवीच्या रजिस्टरवर चढाले लागली. मी खुर्चीवर, अळी रजिस्टरवर, अन् अंजू शांतपणे पान उलटवून म्हणते, “आजोबा, ही हिरवी बोंडअळी. पान एकशे बारा.” धावजीनं चित्र पाह्यलं, अळी पाह्यली, पुन्हा चित्र पाह्यलं. “बरोब्बर. तोंडावळा तोच. बियान्याच्या पाकिटावर तं लिहिलं होतं, हे येनारच नाई म्हनून.” म्हणलं, “मंग आली कशी?” तं म्हणते, “गुरुजी, तिले वाचता कुठं येते!”

बस. दुसऱ्या दिवशी तांड्यातून चार जण. त्याच्या दुसऱ्या दिवशी नऊ. आठवडाभरात माह्या वाचनालयासमोर माणसायची रांग, अन् हरेकाच्या हातात माचिसची डबी! बाजार समितीत कापसाच्या गाड्या खोळंबून राह्यल्या, तं म्हणे चला तेवढ्या टाइमात अळी दाखवून येऊ. जिथं पेपर वाचाले तीन म्हातारे येत, तिथं बसाले बाकडं कमी. कोणी पानावरचे डाग घेऊन, कोणी सडलेलं बोंड घेऊन. अंजू एकेकाले बसवायची. “काका, कधी दिसली? झाडाच्या कोणत्या भागावर? बोंड फोडून पाह्यलं का?” अन् डबीवर कागद चिकटवून नंबर, नाव, गाव, तारीख. प्रकल्पाचं प्रकल्प चालू, अन् माह्या हाताले खाज. कायची काय विचारता? एवढं सगळं दारातून आत येऊन राह्यलं होतं हो! एका डबीवर मारला. हळूच. छोटासा. दारातून आत आलं की शिक्का, काय करता!

पण पंधरा दिवस कोणासाठी थांबते? चोवीस तारीख आली. पेपर एकोणतीसले. मी फोन केला, म्हणलं मॅडम, पाच दिवस वाढवून द्या. “कारण?” म्हणलं, गर्दी आहे. “पुस्तकाला गर्दी?” म्हणलं, हाव. “पुंडलिकराव, मी अठरा वर्षं ग्रंथालयात आहे. पुस्तकाला गर्दी होत नसते. काय झालंय पुस्तकाला? भिजलं? फाटलं?” मी म्हणलं नाही, नाही... अन् माहा आवाजच असा निघाला, की बाई म्हणते, “मी उद्या येते.”

आली! अकराच्या गाडीनं, पांढरी सुती साडी, चष्म्याले साखळी. अन् तो बाजाराचा दिवस, म्हणजे दारापासून कपाटापर्यंत माणूस अन् माचिस. बाई दारातच थबकली. “हे काय चाललंय?” धावजीनं उठून जागा देली, “या बाई, बसा. तुमची अळी कोनती?” मॅडम सरळ खिडकीजवळ गेल्या, पुस्तक उचललं, खाकी कव्हर काढलं, अन् पहिलं पान उघडलं.

पंखा नेमका तेव्हाच अडकला. मी म्हणलं, “मॅडम, मी मारला. पोट्टीचा काही संबंध नाही. नवीन पुस्तक पाह्यलं अन् आनंदाच्या भरात हात चालला. लपवलं, हेही माहंच काम. तुम्ही वरती लिहा, माही नोकरी घ्या, पण पाच दिवस पुस्तक राहू द्या.” अन् खरं सांगतो तुम्हाले, सव्वीस वर्षांत माह्या वाचनालयातल्या पुस्तकानं कोणाची सीट पक्की होणार होती, असं हे पहिल्यांदाच होतं.

मॅडम म्हणते, “नियम असा आहे, की पुस्तक तात्काळ परत, आणि या वाचनालयाशी देवघेव कायमची बंद.” अंजूनं आपली वही मिटली. रडली नाही, तुम्हाले सांगतो, फक्त पेनाले टोपण लावलं, अन् ते मले रडण्यापेक्षा वाईट वाटलं. तेवढ्यात धावजी म्हणते, “बाई, शिक्का म्हंजे गोंदनच ना? आमच्या बाया सासरी गोंदून घेते, म्हनून का त्या माहेरच्या नाई राहात? तुमचंही नाव असनच ना कुठं गोंदलेलं. ते पाहा, अन् घेऊन जा पेपरच्या बाद.” मॅडमनं त्याच्याकडे पाह्यलं, माह्याकडे पाह्यलं, अन् थोडी वरमून म्हणते, “आमचं पहिलं-शेवटचं पान नव्या बांधणीत गेलं. त्यावर लिहिलेला आमचा दाखल नंबरही त्याच्याबरोबर गेला. फक्त गुप्त पान शिल्लक आहे.” म्हणलं, “कितवं?” “ते सांगता येत नाही.” म्हणलं, “बरोबर आहे. माहं सतरावं आहे.”

तुम्हाले सांगतो, त्या बाईचा चेहरा! चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. हळूच पुस्तक उघडलं. सतरावं पान. निळा त्यांचा गोल, अन् बरोब्बर त्याच्या डोक्यावर जांभळा माहा गोल. असा बसला होता, की ना त्यांचं नाव वाचता येते, ना माहं! सव्वीस वर्षं मी समजत होतो की सतरा हे गुपित जगात माह्या एकट्याजवळ आहे. अन् अठरा वर्षांपासून यवतमाळात बाई तेच समजून बसली होती! म्हणजे आता पाहा, त्यांचा वाचता येईल असा एक शिक्का नाही, अन् माहे दोन, पहिल्यावर अन् शेवटच्यावर, लखलखीत. कागदोपत्री पुस्तक कोणाचं झालं? दिग्रसचं! बाई पहिले हसू दाबत होती, मंग तिले दाबता येईना. ग्रंथालय बोलते हे मी ऐकलं होतं, ग्रंथालय हसते हे तेव्हा पाह्यलं.

मंग मॅडम बसल्या. एकेक डबी पाहाले लागल्या. तेवीस नंबरची डबी उघडली, आत पांढरी, पीठ लावल्यासारखी बारीक कीड. डबीवर अंजूच्या अक्षरात लिहिलेलं, ‘पुस्तकात नाही.’ मॅडम म्हणते, “नीट पाहिलंस?” अंजू म्हणते, “तीनदा, मॅडम. हे पुस्तक जुनं आहे. ही कीड त्याच्या बादची असन.” बाईनं तिच्याकडे असं पाह्यलं, जसं मी त्या रंगीत चित्रायकडे पाह्यलं होतं. “ही डबी आधी जमा कर. बाकीच्या मागून आण.” अन् मले म्हणते, “पुस्तक परत मागायला मी आलेच नव्हते, असं समजा. दुसऱ्या ग्रंथालयाचं पुस्तक मी कोणत्या नियमाने घेऊन जाऊ?”

अंजूनं पेपर देला. पास झाली. तेवीस नंबरच्या डबीसाठी म्हणे परीक्षक सर खुर्चीवरून उठले. धावजीनं माह्या वाचनालयाले जुवारीचं अर्धं पोतं आणून देलं. म्हणलं, “धावजी, वाचनालय जेवत नाही.” म्हणते, “तुम्ही तं जेवता ना?” म्हणलं, हाव. अन् त्या पोत्यावर... बरं, सोडा. दारातून आलं होतं ते!

आता पोट्टी यवतमाळले त्याच कॉलेजात आहे, होस्टेलात राहाते, अन् ‘कमवा व शिका’मध्ये ग्रंथालयातच काम करते, अनघा मॅडमच्या हाताखाली. अन् त्या कॉलेजात दर साली नव्या पोरायले तोच पेपर असते, अन् पेपरले तेच पुस्तक लागते, अन् ते पुस्तक आता कोणाचं आहे? आमचं! मंग दर नोव्हेंबरात कॉलेज मले अर्ज करते. तीन प्रतींत. शिक्क्यासह. अन् मी ते पुस्तक लाल फडक्यात बांधून उत्तमसिंगच्या गाडीत बसवतो, संगं चिठ्ठी देतो. थुंकीसकट सगळं लिहितो.

आजही अर्ज आला, पाहा, हा. अंजूनंच लिहिला, तिचं अक्षर मी अंधारातही ओळखीन. ‘आदरणीय काकाजी, सदर पुस्तक पंधरा दिवसांसाठी मिळावे. आजोबांना राम राम सांगा. आणि काकाजी, एक विनंती, आमच्याकडून येणाऱ्या कोणत्याही वस्तूवर कृपया शिक्का मारू नये.’ लिहिलं शेवटी! एवढ्या सालांनी कोणीतरी कागदावर लिहिलं! मी तं खूश झालो. आता पोट्टीनं सांगतलं म्हणजे नाही मारायचा, हात कितीही चालो, नाही म्हणजे नाही...

फक्त खाली तिनं सही कुठं केली ते दिसून नाही राह्यलं. सहीवर गोल आहे, जांभळा. अर्ज वाचाच्या आधी मारला होता हो मी!